बंधाऱ्याचे पैसे परदेशातून येतात, तेव्हा विरोधी बाकांवर काय चालते

दिवेआगर-श्रीवर्धनकडची दहा गुंठ्यांची वाडी डोळ्यांपुढे आणा. नारळ, पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी, सावलीला एखादे जायफळ. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि अशा वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. राज्य सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, मर्यादा दोन हेक्टर. आकडा भरघोस वाटतो. पण हेक्टरात साधारण शंभर गुंठे बसतात. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये आणि आपल्या वाडीला पाच हजार. पडलेले माड तोडून, ओढून, वाडी मोकळी करायलाच यापेक्षा जास्त खर्च येतो. मग ओरड झाली आणि झाडावर हिशेब करायचे ठरले: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०.

ही झाली मदत. ती राज्याच्या तिजोरीतून आणि आपत्ती प्रतिसाद निधीतून येते, तिच्यावरचे भांडण पंचनाम्यापासून सुरू होते आणि बँक खात्यात पैसे आले की निवते. त्यानंतरचा पैसा वेगळा असतो. पुन्हा वादळ आले तर वीज जाऊ नये म्हणून तारा जमिनीखाली घालायच्या, खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे, लोकांना रात्र काढायला निवारा केंद्र बांधायचे. यातला बराचसा पैसा जागतिक बँक, आशियाई विकास बँक अशा ठिकाणांहून येतो. या पैशाबद्दल संसदेत आणि विधिमंडळात विरोधी पक्ष नेमके काय करू शकतो, काय करतो, आणि त्याचा वार बहुतेक वेळा कुठे फुकट जातो, ते इथे पाहू.

आधी पैशाची जात ओळखावी लागते, कारण "परदेशी निधी" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली, दुसऱ्या देशाच्या सरकारने दिलेली मदत. २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने ती घ्यायचे टाळले, आणि २०१८ च्या केरळच्या पुरात हाच मुद्दा पेटला होता. केंद्राने धोरण बदलले नाही. दुसरी, अनुदान. हरित हवामान निधीने भारतीय किनाऱ्यासाठी सुमारे ४.३४ कोटी डॉलर दिले, त्यात आंध्र आणि ओडिशाबरोबर महाराष्ट्र आहे, कांदळवन लावणे आणि किनाऱ्यावरच्या लोकांचे उत्पन्न टिकवणे हा त्याचा हेतू. हे पैसे परत करायचे नसतात, पण राज्यांनीही आपला वाटा घालायचा असतो आणि तो अनुदानापेक्षा मोठा आहे. तिसरी, कर्ज. खरा मोठा पैसा इथे. केरळनेही सरकारी मदत मिळाली नाही तरी २०१९ मध्ये जागतिक बँकेचे २५ कोटी डॉलरचे कर्ज घेतलेच. आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतरची गावे उभी राहिली त्यातही जागतिक बँकेचे २४.६ कोटी डॉलरचे कर्ज होते.

सभागृहात एखादा सदस्य उठून "इतके कोटी आले कुठे?" असे विचारतो, तेव्हा तो बहुधा या तिन्हींची मिसळ करत असतो. मंत्री मग त्यातला सोयीचा तुकडा उचलून उत्तर देतो. अर्धी लढाई इथेच हरली जाते.

कोकणापुरते ठळक उदाहरण म्हणजे राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्प. पहिला टप्पा आंध्र आणि ओडिशाचा. दुसरा २०१५ मध्ये मंजूर झाला, त्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, केरळ आणि पश्चिम बंगाल. खर्च २,३६१.३५ कोटी रुपये, जागतिक बँकेचे कर्ज ३०.८४ कोटी डॉलर. आपल्या वाट्याला आलेली कामे तीन प्रकारची: भूमिगत वीजवाहिन्या, खार बांध आणि निवारा केंद्रे. बांधकामाच्या घटकात केंद्र ७५ आणि राज्य २५ अशी वाटणी. २०२४ मध्ये आशियाई विकास बँकेशी महाराष्ट्राच्या किनारा संरक्षणासाठी ४.२ कोटी डॉलरचा वेगळा करार झाला. त्यात नुसते दगडी बंधारे नाहीत. समुद्रात कृत्रिम खडक टाकून लाटांचा जोर आधीच मोडायचा, पुळणीवर वाळू भरायची, असेही प्रकार आहेत. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर किंवा मिऱ्याला उधाणात उभे राहिलेल्या माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. दगड टाकला की तिथली वाळू वाचते आणि पुढच्या वाडीसमोरची जाते, हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत असते.

आता हा पैसा येतो कसा. राज्यघटनेचे कलम २९३ राज्याला देशाच्या आत कर्ज काढू देते, परदेशात नाही. त्यामुळे महाराष्ट्र सरकार जागतिक बँकेच्या दारात परस्पर जाऊ शकत नाही. राज्य प्रस्ताव करते, तो केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो, करार केंद्र सरकार करते आणि राज्य प्रकल्प-करारावर सही करते. राज्याचा स्वतःचा प्रकल्प असेल तर केंद्र ते कर्ज जसेच्या तसे, त्याच व्याजाने आणि त्याच मुदतीने, राज्याच्या गळ्यात घालते. बाराव्या वित्त आयोगानंतर, २००५ पासून, ही पद्धत आहे. रुपया घसरला तर तो भारही राज्याचाच. २०१५ च्या मध्याला डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ८३ च्या. एक कोटी डॉलर म्हणजे तेव्हाचे ६४ कोटी, फेडताना ८३ कोटी. व्याज वेगळेच. "स्वस्त कर्ज" म्हणून जाहिरात झालेल्या प्रकल्पावर विरोधकाने विचारायचा पहिला प्रश्न इथे आहे: विनिमय दराचा धोका कोणाच्या पदरी?

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जागतिक बँकेच्या वॉशिंग्टनच्या कार्यालयातून आधी पैसे येतात आणि मग काम होते, असा समज आहे. बहुतेक प्रकल्पांत उलटे घडते. राज्य आपल्या अर्थसंकल्पातून आधी खर्च करते, खर्चाचे विवरण केंद्राच्या सहाय्य, लेखे व लेखापरीक्षा नियंत्रकाकडे पाठवते, तिथून बँकेकडे दावा जातो आणि मग परतफेड मिळते. निविदेत बँकेच्या नियमांचे एखादे कलम पाळले गेले नसेल तर तेवढा खर्च अपात्र ठरतो. काम उभे राहते, ठेकेदाराला बिलही मिळते, पण परतावा येत नाही आणि भुर्दंड राज्याला. शिवाय जागतिक बँकेच्या नेहमीच्या कर्जात न उचललेल्या रकमेवर वर्षाला पाव टक्का शुल्क लागते. दहा कोटी डॉलर मंजूर होऊन पडून राहिले, तर वर्षाला अडीच लाख डॉलर काहीही न बांधता द्यायचे. काम रेंगाळले की नुसता वेळ जात नाही, पैसेही जातात. ही रक्कम विचारली तर उत्तर देणे भाग असते, पण विचारतो कोण?

इथे जरा युरोपकडे वळू. पुनर्बांधणीच्या पैशावर विरोधकांनी काय काय करून पाहिले, याचा इतका मोठा नमुना अलीकडे दुसरीकडे सापडणार नाही. कोविडनंतर जुलै २०२० मध्ये युरोपीय संघाने ७५० अब्ज युरोंचा निधी ठरवला, ३९० अब्ज अनुदान आणि ३६० अब्ज कर्ज. त्यासाठी संघ स्वतः बाजारातून कर्ज काढणार होता. संघाच्या उत्पन्नाच्या नियमांत त्यासाठी बदल हवा होता आणि त्या बदलाला सर्व २७ देशांची मान्यता लागणार होती. बहुतेक ठिकाणी ती संसदेतून घ्यायची होती. म्हणजे अचानक सगळ्या संसदांतल्या विरोधी पक्षांच्या हातात चावी आली.

फिनलंडमध्ये घटना समितीने सांगितले की याला साधे बहुमत पुरणार नाही, दोन तृतीयांश हवे. सरकारकडे तेवढे नव्हते. कडव्या विरोधी पक्षाने रात्र-रात्र भाषणे करून मतदान लांबवले, दुसऱ्या मोठ्या विरोधी पक्षात फूट पडली आणि १८ मे २०२१ रोजी १३४ विरुद्ध ५७ मतांनी प्रस्ताव पार पडला. विरोधकाची ताकद भाषणात नव्हती, दोन तृतीयांशच्या अटीत होती.

पोलंडची गोष्ट आणखी रंगतदार. तिथे सत्ताधारी आघाडीतलाच एक छोटा पक्ष विरोधात गेला. सरकारला विरोधकांची मते लागणार हे उघड होते. डाव्या विरोधी पक्षाने सरकारशी बसून सौदा केला: निधीतला ३० टक्के वाटा स्थानिक स्वराज्य संस्थांना, ७५ हजार परवडणारी घरे, आणखी काही. आणि मत दिले. सर्वांत मोठा विरोधी पक्ष तटस्थ राहिला. ४ मे २०२१ ला बाजूने २९०, विरोधात ३३, तटस्थ १३३. डाव्यांना बाकीच्या विरोधकांनी "सरकारला वाचवलेत" म्हणून झोडपले. आमच्या मते मात्र सौदा करणाऱ्यांनी विरोधी बाकांचे काम जास्त नेटाने केले. निधी येणार हे ठरलेलेच होते, मग तो कोणाला मिळणार यावर तरी लिहून घेतले. (लिहून घेतलेले पुढे पाळले का, हा वेगळा पाठपुरावा. न्यायव्यवस्थेबद्दलच्या अटींमुळे पोलंडचा मुख्य निधी २०२४ पर्यंत अडकून राहिला. तोवर तिथे सरकारही बदलले होते.)

स्पेनमध्ये जानेवारी २०२१ मध्ये निधी वापरण्याच्या अध्यादेशाला मुख्य विरोधी पक्षाने विरोध केला आणि अति-उजव्या वॉक्स पक्षाने तटस्थ राहून सरकारला तारले. इटलीत तर या निधीच्या आराखड्यावरूनच जानेवारी २०२१ मध्ये मात्तेओ रेंझी यांनी आपले मंत्री काढून घेतले आणि सरकार पडले. हे काम विरोधकांनी नाही, मित्रपक्षाने केले. नंतर आलेल्या द्रागी सरकारने एप्रिलअखेर १९१.५ अब्ज युरोंचा आराखडा संसदेत मांडला, तेव्हा विरोधात बसलेल्या जॉर्जिया मेलोनी यांच्या पक्षाची तक्रार होती की शेकडो पानांचा मजकूर वाचायला वेळच दिला नाही. पक्ष तटस्थ राहिला. दीड वर्षात त्याच पंतप्रधान झाल्या आणि तोच आराखडा युरोपीय आयोगाकडून बदलून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. श्रीलंकेत असेच झाले. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला, एप्रिलअखेर संसदेत १२० विरुद्ध २५ मतांनी ठराव झाला, अनुरा कुमार दिसानायके यांच्या आघाडीचा त्याला विरोध होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि कार्यक्रम चालू ठेवला.

तटस्थ राहण्याचा हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो, त्यामागे साधे गणित आहे. आपल्या मतदारांच्या घरासाठी येणाऱ्या पैशाविरुद्ध हात वर करता येत नाही. बाजूने केला तर सरकारचे श्रेय वाढते. आणि उद्या आपणच सत्तेत आलो तर तेच कर्ज आपल्याला फेडायचे असते. म्हणून भाषण कडक आणि मत मऊ.

युरोपच्या व्यवस्थेतली एक गोष्ट आपल्या विरोधकांना हेवा वाटावा अशी आहे. तिथे पैसे बिलांवर मिळत नाहीत. प्रत्येक देशाच्या आराखड्यात टप्पे आणि लक्ष्ये तारखांसह लिहिलेली आहेत, ती पूर्ण झाली तरच हप्ता सुटतो, आणि सगळ्याला ३१ ऑगस्ट २०२६ ची अखेरची मुदत घातली. म्हणजे विरोधी सदस्याच्या हातात कामांची यादी तारखेसकट असते. "अमुक तिमाहीतले तमुक लक्ष्य झाले का?" एवढेच विचारायचे.

भारतात अशी चावी विरोधकाकडे नाही. कलम २९२ संसदेला केंद्राच्या कर्जावर कायद्याने मर्यादा घालायची मुभा देते, पण प्रत्येक परदेशी कर्जकरार मंजुरीसाठी संसदेपुढे आणलाच पाहिजे असा नियम नाही. (घानाच्या घटनेत असा नियम आहे. तिथे सरकारच्या कर्जकराराला संसदेची मान्यता लागते.) आपल्याकडे करारावर सही होते, प्रसिद्धीपत्रक निघते, आणि सदस्याला बातमी आपल्यासारखीच वर्तमानपत्रातून कळते. मग विरोधकाकडे उरते काय? प्रश्न, अर्थसंकल्पी मागण्या (म्हणजे मंत्रालयागणिक खर्चाला मागितलेली मंजुरी) आणि समित्या. तिन्हींची धार वेगळी आहे.

मागण्यांवर कपात प्रस्ताव देता येतो. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणावी असा प्रस्ताव. उधळपट्टी वाटत असेल तर ठरावीक रक्कम कमी करावी असा. आणि एखादी नेमकी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची कपात सुचवायची. कोकणाच्या कामाचा हा शंभर रुपयांचा प्रस्ताव. तो मंजूर होत नाही, व्हावा अशी अपेक्षाही नसते, पण त्यानिमित्ताने "सातपाटी ते वेंगुर्ला भूमिगत वाहिन्यांचे काम कुठवर आले" हे कामकाजात नोंदवले जाते. अडचण एकच. लोकसभेत मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते, ठरलेल्या दिवशी संध्याकाळी गिलोटिन पडते आणि उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. गृह मंत्रालयाच्या मागण्या त्या वर्षी निवडल्या गेल्या नाहीत, तर आपत्ती व्यवस्थापनाचा मुद्दा तिथेच संपला.

समित्यांत जास्त जमते. विभागसंबंधित स्थायी समित्या २४ आहेत, गृह विषयाची त्यात एक, आणि आपत्ती व्यवस्थापन तिच्याकडे येते. दारे बंद, कॅमेरा नाही, त्यामुळे पक्षाची झूल उतरवून अधिकाऱ्याला विचारता येते. लोकलेखा समितीत २२ सदस्य, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा. महालेखापरीक्षकाच्या अहवालातले परिच्छेद हा तिचा कच्चा माल. तिची मर्यादा म्हणजे ती घडून गेलेल्या खर्चाकडे पाहते. निसर्गनंतर लावलेली पोफळीची रोपे फळाला येईपर्यंत एखादा परिच्छेद तिच्यापुढे यावा, असा तिचा वेग.

मुंबईत आणि नागपुरात हत्यारे वेगळी. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न आहेतच, पण किनारपट्टीच्या आमदाराचा हुकमी पत्ता म्हणजे लक्षवेधी. मंत्र्याला लेखी निवेदन द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न येतात. सविस्तर चर्चा हवी असेल तर विधानसभेत नियम २९३ खाली, परिषदेत २६० खाली प्रस्ताव येतो. विरोधी पक्षनेत्याचा अंतिम आठवडा प्रस्तावही असतो. त्यात सगळा महाराष्ट्र कोंबला जातो: विदर्भाचे धान, मराठवाड्याचे पाणी, आणि शेवटच्या पानावर कोकण. परदेशी निधीवर काही मिळवायचे असेल तर अंतिम आठवडा प्रस्तावाच्या भरवशावर राहू नये. पुरवणी मागण्या जास्त कामाच्या. प्रत्येक अधिवेशनात त्या येतात आणि राज्याचा २५ टक्के हिस्सा पुरेसा ठेवला का, हे तिथे उघडे पडते. राज्याचा हिस्सा वेळेवर न पडणे हे कामे अडण्याचे नेहमीचे कारण आहे.

त्यासाठी लेखाशीर्षे, म्हणजे सरकारी हिशेबातले खात्यांचे क्रमांक, तोंडपाठ हवीत, निदान तीन. २२४५ म्हणजे नैसर्गिक आपत्तींसाठी मदत. ४७११ म्हणजे पूरनियंत्रण प्रकल्पांवरचा भांडवली खर्च, धूपप्रतिबंधक बंधारे शोधायचे तर इथे. ६००४ म्हणजे केंद्राकडून घेतलेली कर्जे, परदेशी कर्ज राज्याच्या हिशेबात उतरते ते इथे. मंत्री "कोकणासाठी भरीव तरतूद" म्हणाला की ती २२४५ मध्ये आहे की ४७११ मध्ये, एवढे पाहिले तरी पैसा गेल्या वादळाचा आहे की पुढच्याचा, हे कळते.

आणखी एक कोकणी गुंतागुंत. २०२० मध्ये आणि २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी मुंबईत विरोधी बाकांवर असलेला पक्ष दिल्लीत सत्तेत होता, आणि मुंबईतले सत्ताधारी दिल्लीत विरोधी बाकांवर. तौक्तेनंतर केंद्राने गुजरातला एक हजार कोटींची तातडीची मदत जाहीर केली तेव्हा मुंबईचे सत्ताधारी "दुजाभाव" म्हणाले, मुंबईचे विरोधक "राज्याने काय दिले?" म्हणाले. दोघांचीही बोटे खरी होती, पण भूमिगत वाहिन्यांसारख्या ७५:२५ च्या कामात हे फार घातक ठरते. दिल्लीत विचारले तर उत्तर "अंमलबजावणी राज्याकडे". मुंबईत विचारले तर "केंद्राकडून निधी अपेक्षित". दोन्ही उत्तरे खरी आणि दोन्ही निरुपयोगी. यावर उपाय एकच: तोच प्रश्न, तेच आकडे, दोन्ही सभागृहांत एकाच अधिवेशनकाळात, आणि मग उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचायची. खासदार आणि आमदार एकाच पक्षाचे असतील तर हे सहज जमावे. जमत मात्र क्वचितच.

आता प्रश्न लिहायचा कसा, ते जरा जवळून बघू. लोकसभेत पंधरा पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकितला तोंडी उत्तर आणि पूरक प्रश्न मिळतात, पण तासाभरात यादीतले पहिले पाच-सहाच होतात. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा, विषय केंद्राच्या अखत्यारीतला हवा, मत विचारता येत नाही.

वाया जाणारा प्रश्न असा असतो: "कोकणातील चक्रीवादळग्रस्तांना जागतिक बँकेच्या मदतीपासून वंचित ठेवले हे खरे आहे काय? असल्यास त्याची कारणे काय?" उत्तर एका ओळीत येते. "नाही. प्रश्न उद्भवत नाही." जागतिक बँक वादळग्रस्ताला मदत देतच नाही, प्रकल्पाला कर्ज देते, म्हणून सरकार खोटेही बोलत नाही.

तोच विषय असा विचारा. राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (क) महाराष्ट्रासाठी मंजूर झालेल्या कामांची जिल्हावार व घटकवार यादी आणि प्रत्येकाची मंजूर रक्कम. (ख) प्रत्येक कामावर आजवर झालेला खर्च, त्यापैकी बँकेकडे दावा केलेली रक्कम आणि परत मिळालेली रक्कम. (ग) अपात्र ठरवलेला खर्च किती व कोणत्या कारणाने. (घ) मूळ मुदत, वाढवलेली मुदत आणि वगळलेली कामे. यात एकही विशेषण नाही. टाळाटाळ करायला जागा फक्त (ग) मध्ये आहे, आणि तिथे टाळले तर तेच पुढच्या प्रश्नाचे भांडवल.

वगळलेली कामे विचारणे फार महत्त्वाचे. प्रकल्प मंजूर होताना यादी लांब असते. मग सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी अडते, खार बांधाच्या जमिनीला सात-बारावर वीस सहहिस्सेदार निघतात आणि निम्मे मुंबईत, जांभ्यात चर खणायचा दर अंदाजपत्रकात बसत नाही, निविदेला एकच ठेकेदार येतो. मुदत संपत आली की पुनर्रचना होते आणि अवघड कामे गुपचूप गळतात. अखेरच्या अहवालात प्रकल्प "पूर्ण" दिसतो, कारण जे राहिले ते यादीतच नसते. त्यामुळे मंजुरीच्या दिवशीची मूळ यादी विरोधी सदस्याच्या फाइलीत असायलाच हवी. ती मिळवणे अवघड नाही. जागतिक बँक आपला मूल्यांकन दस्तऐवज आणि नंतर वेळोवेळी अंमलबजावणीचा स्थिती अहवाल संकेतस्थळावर टाकते. त्यात श्रेणी दिलेली असते: समाधानकारक, मध्यम समाधानकारक, मध्यम असमाधानकारक. बँकेची भाषा फार सभ्य असते. "मध्यम असमाधानकारक" दिसले की काम बोंबलले आहे असे समजावे.

"माहिती संकलित केली जात असून पटलावर ठेवण्यात येईल" असे उत्तर आले तर पुष्कळ सदस्य हात टेकतात. खरे तर हे उत्तर सोन्यासारखे आहे. ते आश्वासन धरले जाते, शासकीय आश्वासन समितीकडे जाते आणि तीन महिन्यांत पूर्ण करावे लागते, नाहीतर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. त्यामुळे तारीख वहीत लिहून ठेवायची आणि नव्वदाव्या दिवशी समितीच्या अध्यक्षांना पत्र टाकायचे.

उत्तर आले की वरचे दोन परिच्छेद सोडून थेट सोबतच्या विवरणपत्रावर जावे. मजकुरात "शासन कटिबद्ध आहे" असते, आकडे मागे असतात. शेवटच्या रकान्याचे नाव "सद्यस्थिती" आणि त्यात कामागणिक दोन शब्द: "काम प्रगतीपथावर". गेल्या वर्षीच्या उत्तराचे विवरणपत्र काढून शेजारी ठेवायचे. त्याच गावासमोर, त्याच बांधासमोर तेच दोन शब्द आणि खर्चाचा आकडाही तोच असेल, तर पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा मसुदा त्याच रकान्यातून उतरवून घ्यायचा.